घर वाटू नका, भाड्याने द्या

मागच्या महिन्यात सह्यांचा एक कागद आमच्या दारी आला. जवळच्या एका बंद पडलेल्या शाळेच्या तळमजल्यावर बेघरांसाठी रात्रनिवारा सुरू होणार अशी कुणकुण लागली होती, आणि आसपासच्या सहा-सात सोसायट्यांनी मिळून वॉर्ड ऑफिसला विरोधाचं पत्र द्यायचं ठरवलं होतं. कागद घेऊन आलेले काका आमच्याच इमारतीतले. मी त्यांना वीस वर्षं ओळखते. २०२० च्या टाळेबंदीत पुलाखालच्या कुटुंबांसाठी सलग दीड महिना त्यांच्या घरून खिचडीचं पातेलं जात होतं, आणि ते पातेलं ते स्वतः उचलून नेत. तेच काका म्हणाले, "अगं, जेवण देणं वेगळं आणि शेजारी आणून ठेवणं वेगळं." मी सही केली नाही. पण दारात उभ्या उभ्या त्यांना उत्तरही देता आलं नाही, आणि ते नीट द्यायला हवं असं तेव्हापासून वाटत राहिलंय.

त्या आठवड्यात आवारात जो वाद झाला, तो आपल्याकडे बेघरांवरून नेहमी होतो तसाच झाला. एक बाजू म्हणत होती, हे लोक फुकट घराच्या आशेने फुटपाथ अडवून बसतात, घर मिळालं की विकतात आणि परत तिथेच येऊन बसतात. दुसरी बाजू म्हणत होती, निवारा हा हक्क आहे, सरकारने प्रत्येकाला घर दिलंच पाहिजे. दोघांनीही एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती: 'घर देणं' म्हणजे खोली एखाद्याच्या नावावर करून देणं. माझा आक्षेप या गृहीताला आहे. मुंबईने गेली तीस वर्षं गरिबाच्या घराकडे मालमत्ता म्हणून पाहिलं आणि मालमत्ता म्हणूनच ते वाटलं. मालमत्ता वाटायची म्हटली की पुरावा आला, पात्रता आली, कटऑफ तारीख आली. मिळालेल्याचा हेवा आला आणि मागणाऱ्याचा संशय आला. महापालिकेने बेघरांसाठी करायचं काम याहून साधं आहे, आणि म्हणूनच कदाचित अवघड. कामाच्या जवळ, परवडणाऱ्या भाड्याच्या खोल्या उभारायच्या, त्या कायम पालिकेच्याच मालकीच्या ठेवायच्या, आणि देताना कागद न बघता गरज बघायची. रात्रनिवारा ही त्यातली पहिली पायरी. ती पायरीच नको म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि त्या पायरीवर बसून राहणाऱ्यांशीही.

आमच्या पुलाखाली एक मावशी राहतात. सोबत लेक आणि नात. पहाटे चारला त्या दादरच्या फुलबाजारात मोगऱ्याच्या कळ्या घ्यायला जातात, नऊपर्यंत तिघी मिळून गजरे ओवतात, आणि संध्याकाळी देवळाबाहेर आणि सिग्नलला विकतात. एकदा मी त्यांच्याशेजारी बसून त्यांचा महिन्याचा खर्च मांडला होता. सार्वजनिक शौचालयाचे तिघींचे दिवसाला तीस-पस्तीस रुपये. आंघोळीचे वेगळे. पिण्याच्या पाण्याचा कॅन वीस रुपयांचा. मोबाइल चार्ज करू देणाऱ्या पानवाल्याला रोजचे दहा. ट्रंक आणि स्टोव्ह दुकानाच्या मागच्या बोळात ठेवू देणाऱ्याला महिन्याचे पाचशे. बेरीज तीन हजारांच्या आसपास गेली. मावशी म्हणाल्या, "एवढं होतं व्हय? मी कधी मोजलंच नाही." हे तीन हजार म्हणजे भाडंच आहे. फक्त त्याच्या बदल्यात डोक्यावर छप्पर नाही, आणि नातीला रात्री उठून शौचालयात जायचं तर आजीला सोबत जावं लागतं. फुटपाथवर राहणं फुकट असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही बेरीज एकदा करून बघावी.

हा प्रश्न कुणी निस्तरायचा प्रयत्न केला नाही असं नाही. १९८१ च्या जुलैमध्ये, भर पावसात, तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवरच्या माणसांना हटवून आपापल्या गावी धाडण्याची मोहीम जाहीर केली. माणसं बसमध्ये घालून शहराबाहेर नेली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल आला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ही माणसं फुटपाथवर राहतात ती त्यांचं काम तिथे जवळ आहे म्हणून. आपल्याकडचे कार्यकर्ते निकालाचा हा भाग तोंडपाठ म्हणतात. पण त्याच निकालात असंही आहे की फुटपाथ चालण्यासाठी असतात, त्यावर घर करण्याचा हक्क कुणालाही नाही. नोटीस द्या, पावसाळा जाऊ द्या, मग हटवता येईल. पर्यायी जागा मिळणार होती ती १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत ज्यांची नोंद झाली होती आणि ज्यांच्याकडे ओळखपत्र होतं, त्यांना. म्हणजे माणूस कामाजवळ राहतो म्हणून राहतो, हे ज्या निकालाने मान्य केलं, त्यानेच पर्यायी जागा गणनेच्या कागदाला बांधली. पुढच्या चाळीस वर्षांतलं आपलं सगळं गृहनिर्माण धोरण त्या कागदाच्या मागे धावत आलं आहे.

पात्रतेच्या कटऑफ तारखा बघा. आधी १९७६. मग १९८५. मग १९९५ ची १ जानेवारी, जिच्यावर चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरांची घोषणा उभी राहिली आणि झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. मग २०००. मग २०११, सशुल्क घरांसाठी. दरवेळी तारीख पुढे सरकली आणि दरवेळी 'ही शेवटची' असं सांगितलं गेलं. या सगळ्या तारखा झोपडीला आहेत. झोपडीला निदान चार पत्रे असतात, विजेचं बिल असतं, सर्व्हेवाल्याने दारावर टाकलेला नंबर असतो. ज्याला दारच नाही त्याच्या कशावर नंबर टाकणार? मावशींचं रेशनकार्ड २६ जुलै २००५ च्या पुरात ट्रंकेसकट वाहून गेलं. आता जी काही कागदं आहेत ती पिठाच्या डब्यात, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवलेली. सगळ्यांत गरीब माणसाला सगळ्यांत शेवटी नेऊन ठेवणारी याहून पक्की व्यवस्था मला तरी माहीत नाही. कुणी दुष्टपणाने ती रचली असं मी म्हणत नाही. मालमत्ता वाटायची ठरवल्यावर ती अशीच रचली जाणार होती.

आणि पुरावा मिळवणं अशक्य आहे अशातलाही भाग नाही. बेघर माणसाचं नाव मतदार यादीत घालायचं असेल तर निवडणूक आयोगाची रीत ठरलेली आहे: मतदान केंद्राचा अधिकारी रात्री त्या ठिकाणी जातो आणि माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहतो. कागद नसला तरी चालतं, डोळ्यांनी पाहिलेलं पुरतं. मताच्या वेळी फुटपाथ हा पत्ता होऊ शकतो, तर घराच्या वेळी का नाही? फासेपारधी या भटक्या जमातीतल्या कुटुंबांचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, सिग्नलवर उभं आहे. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना मुक्त व्हायला १९५२ साल उजाडलं. ज्यांना कुठे टिकूच दिलं नाही, त्यांच्याकडे 'अमुक तारखेपूर्वी इथेच होतो' याचा पुरावा मागायचा, हे कोणत्या न्यायात बसतं?

आता काकांच्या बाजूचं सगळ्यांत मजबूत म्हणणं. त्यांचा मुलगा बदलापूरला राहतो. पंचवीस वर्षांचा हप्ता, सकाळी सहा पन्नासची लोकल, दारात लटकून. काका म्हणाले, "त्याने काय पाप केलं? तो कर भरतो, हप्ता भरतो आणि दीड तास लोंबकळतो. आणि फुटपाथवर बसला त्याला दादरमध्ये घर?" या प्रश्नाला मी लहान समजत नाही. त्यात खरी दुखापत आहे, आणि ती बोलून दाखवणाऱ्याला निर्दयी ठरवून बेघरांची बाजू भक्कम होत नाही. फुकट मालकीची खोली हा जर एकमेव उपाय असेल, तर काकांचा आक्षेप बरोबर आहे. एकाला चाळीस-पन्नास लाखांची वस्तू मिळावी आणि दुसऱ्याला काहीच मिळू नये, याचं समर्थन मलाही करता येत नाही.

पण 'आम्हाला कुणी काही दिलं नाही' हे मात्र खरं नाही, आणि ते प्रेमाने पण स्पष्ट सांगायला हवं. आमची इमारत पागडीची होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने माझ्या सासऱ्यांचं भाडं जवळपास गोठवलं, म्हणूनच एका गुमास्त्याच्या पगारात दोन मुलं शिकली. नंतर पुनर्विकास झाला तेव्हा सरकारने बिल्डरला जादा चटईक्षेत्र दिलं, आणि त्यातून आम्हाला पूर्वीपेक्षा मोठं घर मिळालं. शहरातल्या कितीतरी सहकारी संस्था सरकारी जमिनीवर, नाममात्र भाडेपट्ट्यावर उभ्या आहेत. गृहकर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळते ती सरकारी तिजोरीतूनच. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांना ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती चाव्या आल्या, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसून डोळे पुसले. कुणी त्यांना फुकटे म्हटलं नाही, आणि म्हणू नयेच. या शहरात कष्टकऱ्याने आणि मध्यमवर्गीयाने घर केलं ते आपल्या घामाने आणि सार्वजनिक आधाराने, दोन्ही मिळून. त्या आधाराच्या रांगेतून एकच माणूस बाहेर ठेवला गेला, तो ज्याच्याकडे सुरुवात करायला चार भिंती नव्हत्या. आणि बदलापूरच्या मुलाचं दुःख दूर होणार असेल तर तेही याच वाटेने. शहराच्या आत, पगाराला झेपेल अशी भाड्याची घरं असती, तर त्याने पंचवीस वर्षांचा हप्ता कशाला डोक्यावर घेतला असता?

दुसरा आक्षेप: घर देऊन काय उपयोग, विकतात. हो, विकतात. पुनर्वसनाच्या इमारतींत किती खोल्यांत मूळ माणूस राहतो आणि किती खोल्यांत विकत घेतलेला किंवा पोटभाडेकरू, हे त्या इमारतीच्या पायऱ्या चढणाऱ्या कुणालाही विचारा. विक्रीबंदीची मुदत घालूनही मुखत्यारपत्रावर व्यवहार होतात. पण विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडण्याआधी, का विकतात ते बघा. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या हातात अचानक लाखोंची वस्तू येते आणि त्याच वेळी सातव्या मजल्याचा देखभाल खर्च, लिफ्टचं बिल आणि पाण्याच्या पंपाची वर्गणी त्याच्या गळ्यात पडते. घरात कुणी आजारी पडलं, लेकीचं लग्न निघालं, की ती खोलीच त्याचा विमा आणि तीच त्याची बँक होते. जे विकता येतं ते अडचणीत विकलं जाणारच. माझ्या आजीने तिच्या पाटल्या विकल्या तेव्हा तिला कुणी लबाड म्हटलं नव्हतं. भाड्याची खोली विकता येत नाही. गरज संपली की ती पालिकेकडे परत येते आणि पुढच्या कुटुंबाला मिळते. 'विकतात' हा आक्षेप बेघरांना घर देण्याविरुद्ध नाहीच, मालकी वाटण्याविरुद्ध आहे.

आणि कुठे देतो त्याचाही हिशोब हवा. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून माणसं चेंबूरजवळच्या माहुलला पाठवली गेली. बहात्तर इमारती, सतरा हजारांवर घरं, आणि बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने. तिथली हवा आरोग्याला घातक असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. श्वासाचे आणि त्वचेचे आजार घेऊन लोक विद्याविहारला रस्त्यावर येऊन बसले, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की यांना दुसरीकडे हलवा, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडं द्या. पुढे पालिकेने तिथली नऊ हजारांवर रिकामी घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत विकायला काढली, तर त्यांनीही फारशी उत्सुकता दाखवली नाही. ज्या शहरात २०११ च्या जनगणनेने सुमारे ५७ हजार बेघर मोजले, त्याच शहराच्या पालिकेकडे हजारो घरं कुलूपबंद पडून राहिली. तिथे रोजीही नव्हती आणि श्वासही घेता येत नव्हता.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात मुंबईत कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या ठरल्या. खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसला. त्यातून वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, सोळा हजारांवर खोल्या. आणि मग त्या कितीतरी वर्षं ओस पडल्या. भाडं झेपत नव्हतं, वरळी तेव्हा आडबाजूला होती, सोयी नव्हत्या. १९३० मध्ये सविनय कायदेभंगातल्या सत्याग्रहींना ठेवायला सरकारने वरळीच्या चाळींचा तुरुंग केला. आता त्याच काळातलं व्हिएन्ना बघा. युद्ध हरलेलं, उपासमारीने खंगलेलं शहर. तिथल्या नगरपालिकेने १९२३ मध्ये घरांवर चढता कर लावला, मोठ्या घराला मोठा, आणि दहा-अकरा वर्षांत साठ हजारांच्या आसपास घरं बांधली, ट्रॅमच्या वाटेवर, बालवाड्या आणि धुलाईघरांसकट. वरळीची चाळ तुरुंग झाली त्याच १९३० मध्ये तिथे कार्ल मार्क्स होफ ही १,३८२ घरांची वसाहत खुली झाली. मुख्य म्हणजे ती घरं नगरपालिकेने विकली नाहीत. आज त्या शहराकडे स्वतःची दोन लाखांहून जास्त भाड्याची घरं आहेत आणि तिथे शिक्षक, बसचालक, पेन्शनर शेजारी शेजारी राहतात, त्यामुळे पालिकेच्या घरात राहणं ही लाजेची बाब उरलेली नाही. उलट ब्रिटनने १९८० च्या कायद्याने कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकांची, घरं भाडेकरूंना सवलतीत विकायला काढली. घेणाऱ्यांचं भलं झालं, यात शंका नाही. पण विकलेल्याच्या जागी तेवढी नवी घरं बांधली गेली नाहीत, आणि आज एकट्या इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक कुटुंबं कौन्सिलने भाड्याने घेतलेल्या तात्पुरत्या खोल्यांत दिवस काढतात. कायद्याने बेघरांची जबाबदारी कौन्सिलवर आहे. त्यांना द्यायला घर मात्र उरलेलं नाही.

आपण भाड्याचा विचार कधी केलाच नाही असं नाही. २००८ मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना काढली होती. थोड्याच वर्षांत ती गुंडाळली गेली आणि तयार खोल्या धोकादायक इमारतींतल्या रहिवाशांच्या तात्पुरत्या सोयीला लागल्या. आता धारावीच्या पुनर्विकासात भाड्याच्या घरांचा शब्द पुन्हा आला आहे, पण तो 'अपात्र' ठरलेल्यांसाठी, आणि तोही धारावीबाहेर, मिठागरांच्या आणि देवनारच्या कचराभूमीच्या जमिनीवर. पात्र असाल तर मालकी, अपात्र असाल तर भाडं आणि हद्दपारी. भाड्याच्या घराची इतकी बदनामी होऊ देऊ नये. आपल्या आज्या-पणज्या गिरगावात आणि लालबागेत भाड्यानेच राहिल्या, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

फुटपाथ चालण्यासाठी असतो, हा मुद्दा मी विनाअट मान्य करते. माझी आई ऐंशीची आहे. फुटपाथवर गाद्या असल्या की तिला रस्त्यावर उतरावं लागतं आणि मागून येणारी बस पाहून माझ्या पोटात गोळा येतो. पण मग निवारा नको म्हणून सह्या कशा करता येतात? शहरी बेघरांसाठीच्या राष्ट्रीय योजनेने निकष घालून दिला: लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा एक कायमचा निवारा, माणशी ५० चौरस फूट, चोवीस तास उघडा. मुंबईची लोकसंख्या २०११ मध्ये १ कोटी २४ लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षात पालिकेचे निवारे दोन डझनांच्या घरात राहिले आहेत आणि त्यातले बरेच लहान मुलांसाठी. निकष पूर्ण पाळला तरी साडेबारा हजार माणसांची सोय होईल. म्हणजे जनगणनेतल्या बेघरांपैकी पाचातल्या एकाची. फुटपाथ मोकळा हवा असेल तर निवाऱ्याची मागणी आधी काकांनी करायला हवी, माझ्याही आधी.

"आहेत ते निवारे तरी कुठे भरतात?" असं एका शेजारणीने विचारलं. काही भरत नाहीत, खरं आहे. बायका एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे, अशा ठिकाणी कुटुंब जात नाही. सकाळी लवकर बाहेर काढणाऱ्या ठिकाणी रात्रपाळीचा हमाल जात नाही. हातगाडी कुठे लावायची, स्टोव्ह कुठे ठेवायचा, याचं उत्तर नसेल तर धंदा करणारी बाई जात नाही. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने म्हटलं की बेघरांनीही काम करायला हवं, सगळंच सरकार पुरवू शकत नाही. न्यायालयाचा पूर्ण आदर ठेवून मला म्हणायचं आहे की ते काम करतातच, आणि कामामुळेच निवाऱ्यात जाऊ शकत नाहीत. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयात वकिलांच्या संघटनेने फोर्टमधल्या फुटपाथवरच्या माणसांचा विषय काढला, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या खंडपीठाने हीही माणसंच आहेत हे बजावलं आणि सरसकट हटवण्याचा आदेश दिला नाही. मला ते ऐकून बरं वाटलं. पण हटवायचं नाही आणि ठेवायलाही जागा नाही, अशा मधल्या अवस्थेत माणूस किती पिढ्या राहणार?

सोय केली की लोंढे वाढतील, ही भीती तर मी लहानपणापासून ऐकते आहे. २००१ ते २०११ या दशकात मुंबई बेटाची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. माणसं पलंग मोजून येत नाहीत, काम आहे म्हणून येतात, आणि काम गेलं की ओसरतात. निवारा नाही म्हणून मावशी गावी गेल्या नाहीत. त्या पुलाखाली राहिल्या, तिथेच लेकीला वाढवलं आणि आता नातीला वाढवताहेत.

पैशाचा मुद्दा मी लांबवत नाही. २०२५-२६ चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. खरी शंका वेगळी आहे आणि ती मलाही छळते: पालिका चांगली घरमालक होऊ शकेल का? १८९६ च्या प्लेगनंतर आलेल्या सुधार ट्रस्टने सुरुवातीच्या काळात खोल्या पाडल्या जास्त आणि बांधल्या कमी. नंतर त्याच्या चाळी पालिकेकडे आल्या आणि त्यांची काय दशा झाली, ते भायखळ्यापासून माटुंग्यापर्यंत दिसतं. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत 'तात्पुरती' गेलेली माणसं तिथेच म्हातारी झाली. हे सगळं खरं आहे. पण यातून निघतं ते एवढंच की भाडं कायमचं गोठवू नये, ते मिळकतीच्या ठरावीक हिश्श्याला बांधावं, त्यातला दुरुस्तीचा पैसा वेगळ्या खात्यात राहावा, आणि रिकाम्या खोल्यांची व प्रतीक्षायादीची पाटी वॉर्ड ऑफिसच्या दारावर सगळ्यांना वाचता येईल अशी लागावी. यादीत आधी कोण, हे नगरसेवकाच्या चिठ्ठीवर ठरू नये. रस्त्यावर झोपणारी लहान मुलं, एकट्या बायका, म्हातारे, आजारी आधी. त्यांचा पुरावा रात्री जाऊन डोळ्यांनी बघावा, मतदार यादीसाठी बघतात तसाच. फिनलंडने २००८ पासून आधी घर, मग बाकीचं, हे धोरण धरलं आणि मोठमोठ्या निवाऱ्यांची रूपांतरं छोट्या स्वतंत्र घरांत केली. हेलसिंकीतल्या एका अडीचशे खाटांच्या निवाऱ्याची ८१ घरं झाली. आपण तिथवर एका उडीत पोचणार नाही. पण बंद शाळेचा एक तळमजला उघडायला फिनलंडची श्रीमंती लागत नाही.

काकांकडे परवा मी माझा कागद घेऊन गेले. त्यात निवारा करा एवढंच लिहिलेलं नव्हतं. कुटुंबांना एकत्र राहू द्या, दिवसाही दार उघडं ठेवा, सामानाला कुलपाची पेटी द्या, दोन शौचालयं आणि एक मोरी बायकांसाठी वेगळी बांधा, सोसायट्यांचे दोन प्रतिनिधी देखरेख समितीत घ्या, आणि दोन वर्षांत इथल्या कुटुंबांसाठी याच वॉर्डात भाड्याच्या खोल्यांचा आराखडा मांडा, असं होतं. काकांनी दोनदा वाचलं. समितीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "यात माझं नाव घालशील का? मग बघतो." सही अजून केलेली नाही, पण पहिल्या पत्रावरची आपली सही त्यांनी काढून घेतली आहे.

खाली उतरून मी मावशींना सांगितलं की शाळेत कदाचित जागा होईल, दिवसाला थोडे पैसे भरावे लागतील. पैशांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. ओवता ओवता दोरा दातांनी तोडून त्या म्हणाल्या, "ताई, आत गारवा असल का? पहाटेच्या कळ्या दुपारपर्यंत टिकल्या पाहिजेत."